भास्कराचार्य व अपूर्णांकांचें समीकरण

अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाणाऱ्या वाटेवर एक अवघड घाट लागतो. कोणत्या संख्येच्या दुपटींत तीन मिळविले असतां अकरा होतात, असें विचारिलें, तर वर्गांतील बहुतेक मुलें क्षणांत चार हें उत्तर देतात. परंतु तीच अज्ञात संख्या तृतीयांश, पंचमांश, षष्ठांश अशा तुकड्यांनीं फळ्यावर येऊन उभी राहिली, कीं चांगल्या चांगल्या मुलांचे चेहरे उतरतात. कोणी छेदांचीच बेरीज करून टाकतो. कोणी एका पदाचा छेद काढतो व दुसऱ्याचा विसरतो. आणि कोणी तर लेखणी खालीं ठेवून, गणित आपल्या नशिबींच नाहीं, असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट होय. चुकलेला हिशोब पुसून पुन्हा मांडतां येतो. परंतु मनानें एकदां घेतलेली माघार पुसावयास फार दिवस लागतात, आणि तेवढ्यांत विज्ञानाचे, यंत्रविद्येचे व व्यापारउदिमाचे कितीतरी दरवाजे त्या मुलाला बंद होऊन जातात.

ह्याच घाटांतून विद्यार्थ्यांना हात धरून नेण्याचें काम साडेआठशें वर्षांपूर्वीं आपल्या सह्याद्रीच्या एका सुपुत्रानें केलें. ते म्हणजे ज्योतिर्विद भास्कराचार्य. त्यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकलेलें असेल. परंतु मोठ्या माणसांच्या वांट्याला पुष्कळदां असें येतें कीं, नांव सर्वांच्या तोंडीं आणि कार्य कोणाच्याच ध्यानीं नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र सांगत असतांनाच, त्यांनीं अपूर्णांकांचीं समीकरणें कशीं सोडविलीं व त्यांत आपण शिकण्यासारखें काय आहे, हेंही येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. प्राचीन ग्रंथकारांच्या जन्मसालांविषयीं विद्वानांत बहुधा वाद माजलेले असतात. भास्कराचार्यांच्या बाबतींत तशी अडचण नाहीं, कारण आपला जन्मशक त्यांनीं स्वतःच आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविला आहे. त्यांचें घराणें शांडिल्य गोत्री असून राहण्याचें ठिकाण सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेलें विज्जलविड हें होतें. हें विज्जलविड म्हणजे आजचें कोणतें गांव, ह्याविषयीं पंडितांचीं मतें भिन्न आहेत. कोणी तें खानदेशांत चाळीसगांवच्या आसपास दाखवितात, तर कोणी विजापूर हेंच तें असें म्हणतात. त्यांच्या वडिलांचें नांव महेश्वर. महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्रांत निपुण होते व तेच भास्कराचार्यांचे गुरु. ह्या कुळांत विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली होती. त्यांच्या एका पूर्वजास भोज राजाकडून विद्यापति ही पदवी मिळाल्याचा उल्लेख शिलालेखांत आहे. बापानें मुलास शिकवावें व मुलानें त्यांत भर घालून तें पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावें, असा त्या घरचा परिपाठच होता.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० सालीं, भास्कराचार्यांनीं आपला सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती ह्या पहिल्या भागांत अंकगणित व क्षेत्रगणित आहे. दुसरा भाग बीजगणित. आणि ग्रहगणित व गोलाध्याय ह्या उरलेल्या दोन भागांत ग्रहांच्या गति, ग्रहणें, आकाशगोल वगैरे ज्योतिषाचे विषय आहेत. सर्व ग्रंथ पद्यांत आहे. त्या काळीं पुस्तकें हातानें लिहावीं लागत व विद्या मुख्यतः मुखोद्गत असे. पद्य लवकर पाठ होतें आणि पाठ झालेलें विसरत नाहीं, म्हणून गणितासारखा विषयही वृत्तबद्ध करण्याची पद्धति होती. परंतु पाठांतरावरच विद्या थांबावी, असें भास्कराचार्यांस वाटत नव्हतें. ज्योतिषाच्या भागांवर त्यांनीं वासनाभाष्य नांवाची टीका स्वतःच लिहिली, व तींत नियमांच्या मागचीं कारणें उलगडून दाखविलीं. नियम सांगावा व त्याचें कारणही सांगावें, हा त्यांच्या शिकविण्यांतला विशेष होय.

लीलावती ह्या नांवाविषयीं एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र पाण्यांत सोडलें होतें. तें पाहण्यास ती वांकली असतां तिच्या अलंकारांतील एक मोतीं त्यांत पडून भोंक बुजलें, पात्र बुडालें नाहीं, मुहूर्त टळला. आणि तिचें दुःख हलकें करण्यासाठीं पित्यानें तिच्या नांवानें हा ग्रंथ रचिला, अशी ती गोष्ट आहे. ती मनाला चटका लावणारी आहे खरी. परंतु ती आपणांस मिळते ती अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी ह्यानें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेंत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं. भास्कराचार्यांनीं स्वतः तिचा कोठेंही उल्लेख केलेला नाहीं. तेव्हां गोष्ट गोष्ट म्हणून ऐकावी व इतिहास इतिहास म्हणून मानावा, हें उत्तम. गणिताच्या विद्यार्थ्यानें तर दिलेली बाब कोणती व मानून घेतलेली कोणती, हा भेद कधींही विसरूं नये.

आतां लीलावतींतील अपूर्णांकांकडे वळूं. अपूर्णांक लिहितांना त्या काळीं अंश वर व छेद खालीं लिहीत. मधली आडवी रेघ मात्र नसे. भिन्न छेदांचे अपूर्णांक मिळवावयाचे असतील तर आधीं ते समच्छेद करून घ्यावे, हा नियम तेथें आरंभींच येतो. त्यापुढें भागाचा भाग घेण्याचें एक मौजेचें उदाहरण आहे. एका कंजूष माणसाजवळ कोणी याचक आला. त्यानें याचकाला एका द्रम्माच्या चतुर्थांशाच्या षोडशांशाच्या पंचमांशाच्या तीन चतुर्थांशांच्या दोन तृतीयांशांचें अर्धें दिलें. तर त्यानें किती दिलें? ही भागांची लांबलचक माळ ऐकून दान मोठें भरघोस असेल असें वाटतें. पण गुणाकार करून पाहतां तो एका द्रम्माचा बाराशें ऐशींवा हिस्सा निघतो. त्या वेळच्या नाण्यांत एका द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८० होत. म्हणजे एवढ्या आटाटीनंतर याचकाच्या हातावर एक कवडी पडली! गंभीर शास्त्र शिकवितांनाही शिष्याच्या ओठांवर हंसूं कसें आणावें, हें भास्कराचार्यांस चांगलें माहीत होतें.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें उदाहरण कमळांचें आहे. कमळांची एक रास आहे. तिचा तृतीयांश शंकराला, पंचमांश विष्णूला, षष्ठांश सूर्याला व चतुर्थांश भवानीला वाहिला. उरलेलीं सहा कमळें गुरूच्या चरणीं ठेविलीं. तर एकंदर कमळें किती?

हें उदाहरण सोडविण्याची जी रीत लीलावतींत सांगितली आहे, तिला इष्टकर्म म्हणतात. अज्ञात संख्येच्या जागीं आपल्या सोयीची कोणतीही संख्या मानावी, उदाहरणांत सांगितलेल्या सर्व क्रिया तिच्यावर कराव्या, आणि जें उत्तर येईल त्याची खऱ्या उत्तराशीं तुलना करून त्रैराशिकानें मूळ संख्या काढावी, असें तिचें स्वरूप आहे. येथें आपण कमळें साठ मानूं. कारण तीन, पांच, सहा व चार ह्या सर्व छेदांनीं साठाला निःशेष भाग जातो. साठांचा तृतीयांश वीस, पंचमांश बारा, षष्ठांश दहा व चतुर्थांश पंधरा. हीं सर्व मिळून सत्तावन्न झालीं, उरलीं तीन. पण उरावयास पाहिजेत सहा. तीन उरण्यास साठ लागतात, तर सहा उरण्यास किती? अर्थात् एकशें वीस. ताळा पाहूं: चाळीस, चोवीस, वीस व तीस मिळून एकशें चौदा, बाकी सहा. उत्तर बिनचूक आहे.

हेंच उदाहरण आजच्या शाळेंत आपण समीकरणानें सोडवितों. कमळांची संख्या क्ष मानली, म्हणजे क्षचा तृतीयांश, पंचमांश, षष्ठांश व चतुर्थांश ह्यांत सहा मिळविले असतां पुन्हा क्ष झाला पाहिजे. सर्व छेदांचा लघुतम साधारण विभाज्य साठ. दोन्ही बाजूंस साठांनीं गुणिलें कीं छेद नाहींसे होतात: वीस क्ष, बारा क्ष, दहा क्ष व पंधरा क्ष मिळून सत्तावन्न क्ष, त्यांत साठ गुणिले सहा, म्हणजे तीनशें साठ मिळविले, आणि पलीकडे साठ क्ष. म्हणून तीन क्ष बरोबर तीनशें साठ, व क्ष बरोबर एकशें वीस. इष्टकर्मांत मानलेले साठ व समीकरणांत गुणावयास घेतलेले साठ हे एकच आहेत, हें चाणाक्ष वाचकाच्या लक्षांत आलेंच असेल. आपली नवी रीत ही त्या जुन्या रीतीची सख्खी बहीण आहे.

ज्या ठिकाणीं मुलांचा पाय हमखास घसरतो तें ठिकाण येथेंच आहे, म्हणून आम्ही थोडें थांबतों. साठांनीं गुणावयाचें म्हटल्यावर विद्यार्थी ज्या पदांना छेद आहेत त्यांनाच गुणतो. बिचाऱ्या सहाला छेद नाहीं, म्हणून त्याला तसाच सोडून देतो. मग सत्तावन्न क्ष अधिक सहा बरोबर साठ क्ष, असें चुकीचें समीकरण तयार होतें, आणि क्ष बरोबर दोन हें उत्तर मोठ्या आनंदानें वहींत लिहिलें जातें. एकंदर कमळें दोन, आणि त्यांतून गुरूला मात्र सहा! उत्तर लिहून झाल्यावर एकदां उदाहरणाकडे परत पाहिलें असतें, तर ही विसंगति लपली नसती. तराजूच्या एका पारड्यांतील सर्व वस्तु साठपट केल्या, तर दुसऱ्या पारड्यांतीलही सर्व साठपट केल्या पाहिजेत. त्यांत कोणाला छेद आहे व कोणाला नाहीं, हें पाहावयाचें नसतें. छेद काढण्याची क्रिया ही हातचलाखी नसून सर्व पदांना सारखा न्याय देण्याची क्रिया आहे. एवढें मनांत ठसलें म्हणजे अर्धा घाट चढून झाला.

उरलेला अर्धा घाट म्हणजे, सांगितलेला भाग कशाचा भाग आहे, हें ओळखणें. ह्यासाठीं भास्कराचार्यांनीं एका यात्रेकरूचें उदाहरण दिलें आहे. त्यानें आपल्या जवळच्या द्रव्याचें अर्धें प्रयागास दिलें. जें उरलें त्याचे दोन नवमांश काशीस खर्चिले. पुन्हा जें उरलें त्याचा चतुर्थांश वाटेवरच्या जकातींत गेला. आणि त्यानंतर उरलेल्याचे सहा दशांश गयेस दिले. शेवटीं त्रेसष्ट निष्क घेऊन तो घरीं परतला. येथें प्रत्येक भाग मूळ द्रव्याचा नसून त्या त्या वेळीं उरलेल्या बाकीचा आहे. म्हणून भाग मिळवीत बसण्याऐवजीं प्रत्येक ठिकाणीं काय उरलें तें पाहावें: प्रथम अर्धें, मग त्याचे सात नवमांश, मग त्याचे तीन चतुर्थांश, मग त्याचे चार दशांश. हे सर्व गुणिले म्हणजे मूळ द्रव्याचे सात साठांश होतात. आणि सात साठांश म्हणजे त्रेसष्ट, तर संपूर्ण द्रव्य पांचशें चाळीस निष्क. कमळांचें उदाहरण व यात्रेकरूचें उदाहरण वरवर सारखींच दिसतात. परंतु पहिल्यांत सर्व भाग एकाच राशीचे आहेत व दुसऱ्यांत ते क्रमाक्रमानें कमी होणाऱ्या राशींचे आहेत. प्रश्न सावकाश व अर्थ समजून वाचणें हा गणिताचाच एक भाग आहे, हें ह्यावरून स्पष्ट होईल.

इष्टकर्म कितीही सोयीचें असलें तरी तें सर्वत्र चालत नाहीं. मानलेली संख्या दुप्पट केली असतां येणारें उत्तरही दुप्पट होत असेल, तरच त्रैराशिक लागूं पडतें. जेथें कांहीं ठराविक रक्कम वेगळी मिळवावयाची किंवा वजा करावयाची असते, तेथें हें प्रमाण मोडतें, व मग बीजगणिताचाच आश्रय करावा लागतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत दोन व्यापाऱ्यांचें उदाहरण आहे. एकाजवळ तीनशें रुपये व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे दहा घोडे असून त्याला शंभर रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ति समान असेल, तर घोड्याची किंमत काय? घोड्याची किंमत क्ष मानली, तर सहा क्ष अधिक तीनशें बरोबर दहा क्ष उणे शंभर. म्हणून चार क्ष बरोबर चारशें, व किंमत शंभर रुपये. त्यानंतर आचार्य तोच प्रश्न थोडा अवघड करितात: पहिल्याच्या संपत्तीचें अर्धें घेऊन त्यांत दोन मिळविले असतां दुसऱ्याची संपत्ति होत असेल, तर किंमत काय? येथें अपूर्णांक आला. सर्व पदांस दोहोंनीं गुणिलें, म्हणजे सहा क्ष अधिक तीनशें अधिक चार बरोबर वीस क्ष उणे दोनशें. म्हणून चौदा क्ष बरोबर पांचशें चार, व क्ष बरोबर छत्तीस. ताळा असा: पहिल्याची संपत्ति ५१६, तिचें अर्धें २५८, त्यांत दोन मिळवून २६०, दुसऱ्याची संपत्ति ३६० उणे १००, म्हणजे २६०.

अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणत, म्हणजे जितकी असेल तितकी. आणि लिहितांना नुसतें या हें अक्षर लिहीत. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या तर दुसरीला काळा, तिसरीला निळा, चौथीला पिवळा अशीं रंगांचीं नांवें देत. ज्ञात संख्येसाठीं रूप ह्या शब्दांतील रू हें अक्षर असे, व ऋण संख्येवर एक टिंब देत. समीकरणाच्या दोन बाजू शेजारीं शेजारीं न लिहितां एकीखालीं एक लिहीत. घोड्यांचें पहिलें समीकरण त्यांच्या पाटीवर असें दिसलें असतें: वरच्या ओळींत या ६ रू ३००, खालच्या ओळींत या १० रू १००, आणि शेवटच्या शंभरावर टिंब. चिन्हें निराळीं, पण विचार तोच. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हें शास्त्र आपणच निर्माण केलें, असा आव आचार्यांनीं कोठें आणिला नाहीं. ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ ह्यांचे बीजगणितावरील ग्रंथ फार विस्तृत होते, म्हणून शिष्यांसाठीं आपण त्यांचें सार काढिलें, असें ते ग्रंथाच्या शेवटीं मोकळ्या मनानें सांगतात.

त्यांची बुद्धि साध्या समीकरणांपाशीं थांबली नव्हती. एखाद्या संख्येच्या वर्गाला एकसष्टांनीं गुणून एक मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्ग व्हावा, अशी पूर्णांक संख्या कोणती, हा प्रश्न चक्रवाल नांवाच्या रीतीनें सोडवून त्यांनीं २२,६१,५३,९८० हें उत्तर दिलें. हाच एकसष्टांचा प्रश्न फ्रान्समधील थोर गणिती फर्मा ह्यानें इ. स. १६५७ मध्यें आपल्या समकालीन गणित्यांपुढें आव्हान म्हणून टाकिला होता. म्हणजे त्याचें उत्तर भारतांत पांचशें वर्षें आधींच तयार होतें.

तथापि मोठ्यांचेंही प्रत्येक विधान पारखून घ्यावें लागतें. शून्यानें भागणें ह्याविषयीं भास्कराचार्यांनीं पुष्कळ विचार केला. भागाकारांत छेद शून्य असेल, तर त्या राशीस त्यांनीं खहर हें नांव दिलें, व तींत कांहीं मिळविलें किंवा तिच्यांतून कांहीं काढिलें तरी ती अनंताप्रमाणें अविकृत राहते असें मानलें. एखाद्या संख्येला शून्यानें गुणून पुढें शून्यानेंच भागिलें तर ती संख्या पूर्ववत् राहते, असेंही त्यांनीं धरिलें आहे. हें शेवटचें विधान आजचें गणित मान्य करीत नाहीं. शून्यानें भागण्याची क्रियाच तें निषिद्ध मानतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथून एवढाच बोध घ्यावा कीं, छेद काढण्यासाठीं समीकरणाच्या दोन्ही बाजूंस हव्या त्या संख्येनें गुणावें, पण शून्यानें कधींही गुणूं नये. कारण त्यामुळें दोन्ही बाजू शून्य होतात, व खरें समीकरण आणि खोटें समीकरण ह्यांतला भेदच नाहींसा होतो.

इ. स. ११८३ च्या सुमारास, वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं, भास्कराचार्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ रचिला. पंचांग करणाऱ्यांस ग्रहांचें गणित सोप्या रीतीनें करतां यावें, हा त्याचा हेतु. सिद्धांतशिरोमणीसारखा अजोड ग्रंथ हातून झाल्यावर पुष्कळांनीं त्या कीर्तीवर विसावा घेतला असता. आचार्यांनीं मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावरही दुसऱ्यांचे श्रम कसे वांचतील, ह्याचाच विचार केला.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही विद्वान निघाले; यादव राजा जैत्रपाल ह्यानें त्यांना सन्मानानें आपल्या पदरीं नेलें. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून ह्या नातवानें पाटण येथें एक मठ स्थापन केला. हें पाटण जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं इ. स. १८६५ मध्यें प्रसिद्ध केला, व त्यामुळें ह्या घराण्याची वंशावळ जगाला समजली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत असून शेवटच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. त्यांत मठाच्या खर्चाची व्यवस्था सांगितली आहे: बाजारांत येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठास दिला, गिऱ्हाइकांकडून पांच पोफळें द्यावयाचीं ठरविलीं, व चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल लावून दिलें. आमच्या मतें ह्या ओळी फार मोलाच्या आहेत. गणिताची ती शाळा राजाच्या औदार्यावर चालली, तशीच ती बाजारांतल्या गिऱ्हाइकाच्या सुपारीवर व तेल्याच्या पळीभर तेलावरही चालली. सर्वांनीं आपल्या वांट्याचा लहानसा अंश दिला, तेव्हां तिची पूर्ण रास भरली.

मठ काळाच्या उदरांत गडप झाला. विद्या मात्र राहिली. कोंकण किनाऱ्यावरील नांदगांवचे प्रसिद्ध ज्योतिषी गणेश दैवज्ञ ह्यांनीं इ. स. १५४५ मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी नांवाची टीका लिहून तींतील नियमांच्या उपपत्ति दिल्या. फैजीच्या फारसी लीलावतीचा उल्लेख वर आलाच आहे. बीजगणिताचेंही फारसी भाषांतर शहाजहानच्या कारकीर्दींत, इ. स. १६३४ मध्यें झालें. पुढें जॉन टेलर ह्यांचें लीलावतीचें इंग्रजी भाषांतर मुंबईस इ. स. १८१६ मध्यें छापिलें गेलें, व दुसऱ्याच वर्षीं कोलब्रुक ह्यांनीं लीलावती व बीजगणित हीं दोन्ही इंग्रजींत आणून लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं. इ. स. १९७९ मध्यें भारतानें आकाशांत सोडलेल्या एका उपग्रहाला भास्कर हें नांव देण्यांत आलें. तें आपल्या चरित्रनायकाच्या व त्यांच्याच नांवाच्या सातव्या शतकांतील दुसऱ्या एका गणितज्ञाच्या स्मरणार्थ होतें.

आतां पालकांस दोन शब्द. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे पाढे मुलांकडून रोज म्हणवून घेत असत. त्यांमुळें पाव, निम्मे, पाऊण हे अपूर्णांक मुलांच्या जिभेवर व बाजारांतल्या व्यवहारांत सारखेच खेळत. मुलाला अपूर्णांकांची भीति वाटत असेल, तर त्याला रागावण्यापेक्षां घरांतील भाकरीचे चार भाग करावयास सांगावें, दुधाचा रतीब पावशेरानें वाढला तर महिन्याचा हिशोब किती होईल तें विचारावें. आणि उत्तर चुकलें तर लगेच बरोबर उत्तर न सांगतां, त्याचें त्यालाच ताळा करून पाहूं द्यावा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं लीलावतींतीलच एक प्रश्न सुटीकरितां ठेवितों. भुंग्यांच्या एका थव्याचा पंचमांश कदंबावर गेला, तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर गेला, व ह्या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुड्याच्या झाडावर गेली. एक भुंगा उरला तो केतकी व मालती ह्यांच्या सुगंधानें वेडावून मध्येंच घिरट्या घालीत राहिला. तर एकंदर भुंगे किती? प्रथम प्रश्न दोनदां वाचा. कोणता भाग कशाचा आहे तें ठरवा. सर्व छेदांचा लघुतम साधारण विभाज्य काढा व प्रत्येक पदाला त्यानें गुणा. तो एकटा उरलेला भुंगाही गुणावयास विसरूं नका. शेवटीं ताळा पाहा. उत्तर पंधरा आलें, तर ज्या घाटाचें तुम्हांस भय वाटत होतें तो मागें पडला, आणि भास्कराचार्यांच्या शिष्यमंडळींत तुमचेंही नांव दाखल झालें, असें खुशाल समजा.